शेवटच्या थांब्यापुढचा समुद्र

सोमवार, १७ मार्च
दुकान, दुपार

प्रिय टाचणी,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, तूही खुशाल असशील. अकरा वर्षांनी लिहायच्या पत्राची सुरुवात कशी करतात हे कुणी शिकवलेलं नाही, म्हणून नेहमीसारखीच केली. पत्रास विशेष कारण असं काही नाही.

इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या जागी मोबाइलवाला आलाय, तो दिवसभर एकच गाणं लावतो. तयार कपड्यांनी आपलं अर्धं काम खाल्लं, पण ते कपडे कुणाच्या अंगाला धड बसत नाहीत आणि मग लोक ते दुरुस्तीला आपल्याकडेच आणतात, तेव्हा तक्रार नाही. आईच्या मशीनचा पट्टा बदलला. तुझं मशीन खिडकीपाशी होतं तिथंच आहे. त्यावर मी शिवून झालेले कपडे ठेवते.

माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. चष्म्याचा नंबर वाढला. सुईत दोरा ओवायचा तर एक डोळा मिटून, मनातल्या मनात दोन शिव्या देऊन, तीन खेपा कराव्या लागतात. केस सगळे पांढरे झाले. एकदा रंग लावून पाहिला, तर आरशात आपल्या गिऱ्हाईक वकिलीणबाई दिसायला लागल्या. पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

हां, सांगायचं म्हणजे काल रविवारी आम्ही दुकानातल्या बायका समुद्रावर गेलो होतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मोठ्या किनाऱ्याला सगळे जातात, म्हणून म्हटलं पलीकडच्या लहान किनाऱ्यावर जाऊ. कंडक्टर म्हणाला, "शेवटचा थांबा? तिथं बघण्यासारखं काही नाही बरं का, बाई." मी म्हटलं, "मग गर्दी नसेल." खरंच नव्हती. बस आपल्याला सोडून वळून जाते, आणि मग बोटदुरुस्तीचं आवार लागतं, मग बंद पडलेला बर्फाचा कारखाना, मग बैठ्या घरांची एक रांग. रांगेच्या मागे गेलं की एकदम समुद्र. फुगेवाले नाहीत, घोडे नाहीत. एक बाक, एक नळ आणि 'येथे पोहू नये' अशी एक पाटी. पाटीखाली एक आजोबा नुकतेच पोहून आलेले, टॉवेल पिळत उभे होते.

ओहोटी होती. वाळू करडी आणि बारीक, इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. मी चप्पल काढून चालले. किती वर्षांनी चालले ते आठवेना. वारा असा की पदर, ओढणी, टोपी, ज्याचं जे असेल ते त्यानं हातात धरून चालावं. पाव, उकडलेली चार अंडी आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. मीठ घरी राहिलं. समोर एवढा समुद्र आणि अंड्याला मीठ नाही, म्हणून एकटीच हसत बसले.

तू त्याच बाजूला कुठंतरी राहतेस असं कानावर आलं होतं. पण परतीची बस तीनची, त्यात बरोबर एवढ्या बायका, त्यामुळे तुझ्याकडे यायला काही जमलं नाही. पुढे कधीतरी बघू.

बाकी ठीक. गिऱ्हाईक आलंय, थांबते.

बुधवार, सकाळ

वरचं वाचून पाहिलं. त्यात समुद्र तेवढा खरा आहे.

फाडून टाकणार होते, पण फाडलं तर पुन्हा लिहायचा धीर होणार नाही, म्हणून तसंच ठेवते. दुकानात बायका-बियका कुणी नाहीत, टाचणी. आई गेल्यापासून मी एकटीच आहे. तुझ्या लक्षात आलंच असेल, एवढ्या बायकांना चार अंडी कशी पुरतील? त्यातली दोन माझी आणि दोन तुझी होती. तुझी दोन तशीच परत आणली.

मी तुझ्याकडेच यायला निघाले होते. सहलीला नव्हे.

पत्ता कसा लागला ते सांगते. आपला बटणवाला दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येतो. गेल्या खेपेला काउंटरवर नमुने मांडताना त्याची बाही पुढे आली आणि मनगटावरचं बटण मला दिसलं. बटणाखाली दोऱ्याचे पाच वेढे, सहावा उलटा, आणि गाठ कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये दडवलेली. असं बटण जगात तीनच बायका लावायच्या. त्यातली एक गेली आणि एक मी.

"हे कुणी लावून दिलं?" मी विचारलं.

"हे होय? शेवटच्या थांब्याला एक बाई आहेत. पडदे शिवतात, होड्यांच्या ताडपत्र्या शिवतात. बटण लोंबतंय बघून उभ्याउभ्या लावून दिलं त्यांनी. का हो ताई, वाकडं लागलंय का?"

"नाही," मी म्हटलं, "नीट लागलंय." आणि त्या दिवशी त्याच्याकडून मला नको असलेली चार डझन बटणं घेऊन बसले.

महिनाभर मी ठरवत होते. शेवटी रविवारी गेले. आवारातल्या माणसाला विचारलं तर त्यानं बोटानं घर दाखवलं, निळ्या दाराचं, रांगेतलं शेवटून दुसरं. मी त्या दारासमोरून तीनदा गेले. आत मशीन चालल्याचा आवाज येत होता. तू अजून शिवण कोपऱ्यावर वळवताना पाय एकदम थांबवतेस, मला बाहेरून कळलं. मी दार वाजवलं नाही. म्हटलं, आधी जरा समुद्र बघू, मग येऊ. शेपूट घालायला काहीतरी निमित्त लागतं, माझं निमित्त समुद्र.

तर मी बाकावर बसून पहिलं अंडं सोलत होते, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आजी, तुमचा पाय माझ्या बेचाळीसवर आलाय."

मी आधी माझ्या केसांना दोन शब्द सुनावले आणि मग पाय उचलला. दहा-अकरा वर्षांची मुलगी. फ्रॉकची खालची दुमड दोनदा उसवून लांब केलेली, जुन्या घड्यांच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली. आईचा तसा होता, तुझा तसाच आहे, माझाही तसाच आहे. अशा खांद्याला मी बत्तीस वर्षं आतून पट्टी लावत आले, मला कुणी नाव सांगायची गरज पडली नाही.

"कशाचं बेचाळीस?" मी विचारलं.

"पाणी या दगडापासून बेचाळीस इंच लांब होतं. त्याच्या आधी पन्नास होतं. भरती येतेय." तिनं गळ्यातली टेप काढली, टोक सोडून एकच्या खुणेवर अंगठा दाबला आणि वाळूवर पसरली. "एकोणचाळीस. वजा एक. अडतीस."

"वजा एक कशाला?"

"या टेपला पहिला इंचच नाही ना. झिजून गेला. माझ्या आजीची आहे ही."

तू गेल्यावर ती टेप मी सगळं घर उलथंपालथं करून शोधली होती. आईनं महिनाभर नवी टेप घेतली नाही आणि घेतल्यावर तिच्यातूनही सवयीनं एक वजा करायची. एका गिऱ्हाइकाची विजार अशी झाली की ती घालून त्याला बसता येईना, नुसतं उभं राहावं लागे. तेव्हा मी तुझ्या नावानं बोटं मोडली होती. रविवारी ती टेप वाळूत पडलेली पाहिली आणि वाटलं, योग्य हातात आहे.

मग आम्ही दोघींनी बराच वेळ समुद्र मोजला. ती वाकायची, मी आकडे लक्षात ठेवायचे. मी तिला अर्धं अंडं दिलं, ती म्हणाली मीठ नाही, मी म्हटलं माहीत आहे. आजीबद्दल विचारलं तर म्हणाली, "आजी पेपरात आहे. आईनं कापून आरशाला लावलीय." म्हणजे आई गेल्याची मी दिलेली बातमी तुला दिसली होती. तीन वर्षं मला वाटत होतं की तुला कळलंच नसेल, आणि कधी वाटायचं की कळूनही तू आली नाहीस. आता कुठलंही असो, मला बोलायचा अधिकार नाही. का नाही ते उद्या लिहिते, आज हात चालत नाही.

फक्त एवढं लिहिते, कारण यानंतरच मी पळाले. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "घरात आणखी कोण असतं गं?"

"मी आणि आई. आणि मला एक मावशी आहे, पण ती लांब राहते. ती खडूनं न आखता कापड कापते. आणि तिला काहीही सांगितलं ना, तरी ती कुणाला सांगत नाही. आई म्हणते, आख्ख्या घरात तसं माणूस ती एकटीच होती."

तेवढ्यात तू मागच्या पायरीवर आलीस आणि तिला जेवायला हाक मारलीस. आवाज थेट आईचा झालाय तुझा. कपाळावर हात धरून उन्हातून बघत होतीस. थोडी भरली आहेस, तुला ते शोभतं. आणि मी काय केलं असेल? एकोणपन्नास वर्षांची बाई, हातात थर्मास, पालथ्या घातलेल्या एका होडीमागे जाऊन गुडघ्यांवर बसले. तू आत जाईपर्यंत बसून राहिले आणि मग उठता येईना. पोहून आलेल्या त्या आजोबांनी हात देऊन उठवलं.

गुरुवार, सकाळी लवकर

बटणवाला आज दुपारी येईल. त्याच्या हाती हे द्यायचं आहे, तेव्हा आता लपायला होडी नाही.

तुला वाटतं, आईला नर्सबाईंनी सांगितलं. त्या संध्याकाळी आई ओरडली, "मला कळायचं ते कळलंय," आणि तू तडक नर्सबाईंचं नाव घेतलंस, कारण तू त्यांच्याच दवाखान्यात गेली होतीस आणि त्या आदल्याच दिवशी कोट न्यायला दुकानात आल्या होत्या. मी बाजूला इस्त्री करत होते. मी मान वर केली नाही.

आईला मी सांगितलं.

तुझ्या राखाडी स्कर्टसाठी मी माप घेतलं होतं, आठवतं? तुझी कमर सव्वीस, ती साडेसत्तावीस भरली. तीन आठवड्यांनी पट्टी बसवायला पुन्हा घेतलं तर साडेअठ्ठावीस, आणि तू श्वास आत ओढून उभी होतीस. माप घेणाऱ्या बाईला ओढलेला श्वास हाताला कळतो. तू बोलली नाहीस आणि मीही बोलले नाही. आईनं आपल्याला हातात टेप द्यायच्या आधी एकच गोष्ट शिकवली होती, की मापातून जे कळेल ते पोटात ठेवायचं. कुणाला दिवस गेलेत, कोण आजारानं झडत चाललंय, ते त्यांच्या घरच्यांनासुद्धा आपण सांगायचं नाही. बायका त्या विश्वासावर आपल्यापुढे हात वर करून उभ्या राहतात. तो नियम मी आयुष्यात एकदाच मोडला. तोही तुझ्या बाबतीत.

दुसऱ्या दिवशी आई काजं करत होती. मी कापड बेतता बेतता म्हणाले, "टाचणीचा घेर वाढतोय." एवढंच. आईची सुई अर्ध्या टाक्यात थांबली.

तोंडातून निसटलं असं लिहिलं तर तू कदाचित मानशील. पण ते निसटलं नव्हतं, मी रात्रभर ठरवून बोलले होते. पुलाच्या कामावरचा तो माणूस बदली होऊन जाणार होता आणि तू त्याच्यामागे जाणार, हे मला दिसत होतं. मला वाटलं, आईच्या कानावर घातलं की ती तुला अडवेल. चार दिवस रडारड होईल, आई भांडी आपटेल, मग सगळं निवळेल. तू इथंच राहशील, मूल दुकानात चिंध्यांच्या ढिगावर खेळेल, मी त्याला झबली शिवेन. एवढं सगळं मी मनात बेतून ठेवलं होतं. आई तुला घराबाहेर काढेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला मी तुझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त ओळखत होते, आणि तरी नाही आलं.

आणि तो माणूसही तुझ्याबरोबर राहिला नाही, हे मला रविवारी कळलं. म्हणजे ती सगळी वर्षं तू एकटीनं काढलीस.

घर सोडलंस त्या दिवशी थांब्यावर तू मला मिठी मारून म्हणालीस, "ताई, तू तेवढी माझी." बस यायला अजून दहा मिनिटं होती. सांगायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. मी तुझ्या पिशवीची वादी सरळ करत राहिले.

नर्सबाईंना मनातून सोडून दे. त्यांनी काही केलं नाही. त्या अजून माझ्याकडेच शिवतात आणि मी त्यांचं काम इतकं जपून करते की त्यांना वाटतं माझा त्यांच्यावर फार जीव आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आता तुला कळलं असेल मी दार का वाजवलं नाही. तू उघडलं असतंस आणि मला घट्ट धरलं असतंस. त्यासाठी मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण ती पोर ज्या मावशीबद्दल इतक्या कौतुकानं सांगत होती, ती बाई कुठंच नाही, टाचणी. तिच्या नावावर तुझ्या घरात शिरून तुझ्या हातचं जेवायला मला लाज वाटली.

मला तुझी फार आठवण येते. हे लिहायला अकरा वर्षं लागली. वकिलीणबाई तोऱ्यात दुकानातून बाहेर पडल्या की मी अजून खिडकीकडे मान वळवते, तू त्यांच्या चालीची नक्कल करशील म्हणून, आणि तिथं कपड्यांचा ढीग असतो. आई शेवटच्या वर्षी तुझ्या मशीनला दर शनिवारी तेल घालायची. 'तिला बोलाव' असं काही म्हणाली नाही, तू तिला ओळखतेस. मी एकदा म्हटलं, "मशीन कुणी चालवत नाही, तेल कशाला?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" आम्ही दोघी त्या घरात अशाच राहिलो, एकमेकींना काही न विचारता.

मला यायचं आहे. त्या दुसऱ्या मावशीच्या जागी नाही, मी आहे तशी. तू चिडशील, चिड. मला तोंडावर बोल, दार आपट, मी पायरीवर बसून ऐकून घेईन. पत्रातूनही शिव्या दिल्यास तरी चालेल, बटणवाला पुढच्या महिन्यात ते घेऊन येईल. 'येऊ नकोस' असं लिहिलंस तर येणार नाही, हा शब्द. फक्त कोरं पाकीट पाठवू नकोस आणि गप्प बसू नकोस. गप्प बसणं काय करतं ते मी पाहिलंय.

एक गोष्ट काल लिहिली नाही. तू हाक मारून आत वळल्यावर ती पोर घराकडे धावली, आणि अर्ध्या वाटेतून परत आली. होडीच्या कडेनं वाकून तिनं मला पाहिलं. "तुम्ही लपलाय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो." तिनं जरा विचार केला. म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. मग मीपण तुम्हाला एक सांगते, पण आईला सांगायचं नाही." आणि माझ्या कानाला तोंड लावून तिनं ते सांगितलं.

काळजी करण्यासारखं काही नाही, एवढं मी तुला शपथेवर सांगते. पण काय ते मी लिहीत नाही, आणि तू कितीही विचारलंस तरी सांगणार नाही.

तुझी,
कात्री